माळवद गेले, ऊन राहिले



 स्मृतिव्याख्यानात निम्मा वेळ गौरवात घालवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी ती या वर्षी मोडायला सांगितली. त्यांनी मला दिलेला विषय आहे ‘उष्ण कटिबंधातील हवामानाला अनुरूप घरबांधणी’. विषय अवाढव्य आहे. मी तो आपल्या शहरापुरता, आणि शहरातही मुख्यतः छपरापुरता आखूड करून घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरातले घर उन्हाळ्यात वरून तापते, आणि घराच्या नेमक्या त्याच बाजूचा विचार मराठवाड्याने गेल्या तीस वर्षांत सोडून दिला, एवढेच मला आज सांगायचे आहे. बाकीचे ओघाने येईल.

आधी सूर्याचा हिशेब मांडू. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ 20 अंशांवर आहे. त्यामुळे 20 मेच्या आसपास आणि पुन्हा 23-24 जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली मुले शून्य सावलीचा दिवस म्हणून अंगणात बाटल्या उभ्या करतात तो हा. जुलैत ढग असतात, म्हणून खरा मार मेमधला. 21 जूनला तर सूर्य डोक्याच्याही साडेतीन अंश उत्तरेला गेलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून 47 अंशांपर्यंतच चढतो.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. ज्या महिन्यांत आपल्याला ऊन नको असते त्या महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीला ते फारसे लागतच नाही. सकाळी पूर्वेची भिंत, दुपारनंतर पश्चिमेची, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड छप्पर. मेच्या निरभ्र दिवशी आडव्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर साडेसहा युनिटच्या आसपास ऊर्जा पडते. हजार चौरस फुटांची गच्ची धरली तर दिवसाला सहाशे युनिट होतात. तुमच्या घराचे महिन्याचे वीजबिल आठवा आणि हा आकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहा. त्यातली बरीच उष्णता परावर्तित होते, वाऱ्याने जाते, रात्री आकाशाकडे परत फेकली जाते. तरीही जी आत शिरते ती पुरेशी असते.

दुसरा हिशेब रात्रीचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा 40 च्या आसपास असतो आणि पहाटे 25 पर्यंत उतरतो. हे पंधरा अंश म्हणजे आपली मालमत्ता आहे. मुंबईकडे ती नाही. तिथे दिवस आणि रात्र यांत पाच-सात अंशांचा फरक, त्यात घाम वाळू न देणारी हवा. म्हणून कोकणातले घर मोकळे असते: उतरते कौलारू छप्पर, लांब पागोळ्या, समोरासमोर खिडक्या, सतत वाहता वारा. मराठवाड्यातले जुने घर नेमके उलट वागते. दिवसा ते दार-खिडक्या मिटून घेते आणि रात्री उघडते. दोन्ही घरे उष्ण कटिबंधातली, दोन्ही शहाणी, आणि एकमेकांच्या जागी दोन्ही निकामी. ओटो कोनिग्सबर्गर या स्थपतीने म्हैसूर संस्थानात आणि नंतर दिल्लीत काम केले. पुढे 1970 च्या दशकात त्याने सहकाऱ्यांसोबत उष्ण कटिबंधातल्या घरबांधणीवर लिहिलेले पुस्तक वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजूनही लावले जाते. उष्ण-कोरडा प्रदेश आणि उष्ण-दमट प्रदेश यांना एकच औषध चालत नाही, हा त्यातला पहिला पाठ. आपण मात्र बिल्डरच्या माहितीपत्रकासोबत मुंबई-पुण्याचे घर जसेच्या तसे उचलून आणले.

आता माळवदाकडे येतो. इथे बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या अनेकांचे बालपण माळवदाखाली गेले असणार. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्या, किलच्यांवर पाला किंवा तुराट्या, आणि त्यावर माती. सगळ्यात वर पांढरी माती, कारण ती पाणी पिऊन घट्ट बसते. कडेला पाणी काढून देणारे पन्हाळ. उजेडाला आणि धुराला मध्ये एक भोक, पावसात त्यावर दगड किंवा पत्रा. खाली दोन-अडीच फुटी, कुठे कुठे त्याहून जाड दगडमातीच्या भिंती. मराठवाड्याच्या काळ्या मातीची वीट चांगली भाजत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भिंतीला बेसॉल्टचा काळा दगड, नाहीतर पांढऱ्या मातीचे भेंडे.

हे घर काम कसे करते? उष्णता जाड मातीतून आत यायला वेळ घेते. दुपारी एक वाजता छपराच्या वरच्या थराला लागलेले ऊन खालच्या किलचीपर्यंत पोहोचायला मध्यरात्र उलटते. तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते, माणसे अंगणात किंवा माळवदावर निजायला गेलेली असतात, आणि उघड्या दारातून शिरणारी पहाटेची हवा भिंतींतला ताप धुऊन काढते. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पुन्हा कोरे. पंधरा अंशांचा तो फरक आपल्या आजोबा-पणजोबांनी असा वापरला. त्यांनी थर्मामीटर पाहिलेला नव्हता.

इथपर्यंत आले की आमच्या व्यवसायातले बरेच जण हळवे होतात. मातीचे घर, पूर्वजांचे शहाणपण, निसर्गाशी संवाद वगैरे. मला ते जमत नाही, आणि मराठवाड्यात बसून ते कुणाला जमू नये असे माझे मत आहे. कारण 30 सप्टेंबर 1993.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा निजलेली गावे. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्ट्यात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसे गेली. भूकंपशास्त्राच्या मापाने तो राक्षसी धक्का नव्हता. माणसे मारली ती घरांनी. जाड भिंत दिसायला अभेद्य, पण प्रत्यक्षात तिचे दोन पदर असत. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मध्ये चिपा व चिखल. दोन्ही पदरांना आरपार सांधणारा लांब दगड नव्हता. धक्का बसताच पदर एकमेकांपासून सुटले, एक आत पडला, एक बाहेर. आणि वर माळवद.

त्या माळवदाचे वजन करून पाहू. दहा बाय दहाची खोली, वर दीड फूट माती, तर सुमारे 7 टन. आणि दीड फूट हा माझा सौम्य अंदाज आहे. माळवद गळते. गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून चोपायची, हा घरोघरचा नेम. जुनी माती खरवडून कुणी काढत नसे. अशी पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेली, आणि लाकूड तेवढेच राहिले, वर वाळवीने पोखरलेले. गळती थांबवण्याची काळजी घेता घेता छपरे डोक्यावर दुप्पट जड झाली. त्या रात्री अनेक जण दगडाने मेले नाहीत, माती नाकातोंडात जाऊन गुदमरले.

पण त्याच गावांतली आणखी एक गोष्ट पाहणाऱ्या अभियंत्यांनी टिपून ठेवली आहे, आणि ती आपण विसरलो. जिथे छप्पर भिंतींवर टेकलेले नव्हते, लाकडी खांबांच्या ‘खणां’वर स्वतंत्र उभे होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर बऱ्याचदा जागेवर राहिले. खालची माणसे वाचली. म्हणजे दोष जाडीत किंवा मातीत शोधून भागणार नव्हते. दोष न सांधलेल्या भिंतीत होता, आणि बेहिशेबी वजनात होता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, जोत्याला, चौकटीच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचे पट्टे, छपराची माती मोजून हलकी: याच्या भारतीय मानकांतल्या सूचना त्या सुमारास उपलब्ध होत्या, आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमात त्या काही ठिकाणी वापरल्याही गेल्या.

लोकांनी मात्र एकच निष्कर्ष काढला. माळवद मारते. ज्याच्या घरातली माणसे गेली त्याला कोणता अभियंता काय समजावणार? तो निष्कर्ष मी चूक म्हणणार नाही. बावन्न गावे नव्या जागी वसली. ऐसपैस रस्ते, एकसारख्या ओळी, काँक्रीटची घरे, आणि ओसरी, चौक, गोठा यांची आबाळ. तिथे राहायला गेलेल्या माणसांना विचारा, घर पक्के आहे म्हणतील, आणि दुपारी लिंबाखाली बसतील. भूकंप न झालेल्या मराठवाड्यानेही माळवद उतरवले. आपल्या जिल्ह्यातही तेच झाले. ज्याच्याकडे पैसा होता त्याने स्लॅब टाकला, ज्याच्याकडे नव्हता त्याने पत्रा.

मरणाचे भय योग्य होते. पण माळवद उतरवताना त्याने करून ठेवलेले काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवायला हवे होते, आणि ते कुणावरच सोपवले गेले नाही. पाच इंची उघडा स्लॅब दुपारी एकचे ऊन चार-पाच वाजेपर्यंत खोलीत पोहोचवतो आणि रात्री अकरापर्यंत पोहोचवत राहतो. करड्या काँक्रीटच्या पृष्ठभागाचे तापमान मेमध्ये 60 अंशांच्या पुढे जाते. खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर तो तव्यासारखा असतो, आणि पंखा त्याच तव्याखालची हवा खाली ढकलतो. हवेचे तापमान उतरले तरी अंग का भाजते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. अंगाला लागते ती छतातून येणारी झळ. तिला पंखा काही करू शकत नाही.

पत्र्याची कथा वेगळी. तो क्षणात तापतो, क्षणात निवतो. रात्री पत्र्याखाली स्लॅबपेक्षा बरे वाटते हे खरे. पण दिवसा पत्र्याखाली कोण असते? घरी बसून शिवणकाम करणारी बाई, लहान मुले, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. कमावता माणूस कामावर गेलेला असतो. घराच्या उष्णतेचा प्रश्न सगळ्यांना सारखा नसतो तो असा. काही ठिकाणी पत्र्यावर पाचट, कडबा किंवा हिरवी जाळी पसरलेली दिसते, आतून जुन्या साड्यांचे छत बांधलेले दिसते. ती माणसे माझ्या व्यवसायातल्या बहुतेकांपेक्षा जास्त जाणतात.

तर काय करायचे? माळवद परत आणायचे नाही. त्याची तीन कामे वेगवेगळी करून हलक्या वस्तूंवर वाटायची. ऊन परतवणे, ऊन अडवणे, आणि आलेली उष्णता उशिरा पोहोचवणे.

ऊन परतवणे सर्वांत स्वस्त. ताजा चुना दिलेला पृष्ठभाग उन्हाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो, जुने करडे काँक्रीट तीसेक टक्के. गच्चीला चुना, किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, 2017 पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्यासारखीच हवा असलेली ही ठिकाणे आहेत.

ऊन अडवणे म्हणजे छपरावर सावली. इथे नशिबाने एक नवी गोष्ट हाती आली आहे. 2024 च्या फेब्रुवारीपासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती सौर पॅनलला 3 किलोवॅटपर्यंत 78 हजार रुपये अनुदान मिळते. 3 किलोवॅटचे पॅनल गच्चीपासून फूट-दोन फूट उंच बसवले की सुमारे 200 चौरस फूट स्लॅब दिवसभर सावलीत येतो आणि खालून वारा खेळतो. पॅनल विकणारा विजेचा हिशेब सांगतो, सावलीचा सांगत नाही. तुम्ही त्याला सांगा: पॅनल झोपायच्या खोलीवर घे. अर्थात दक्षिणेकडे दुसरी सावली पडत नसेल तर.

तिसरे काम उष्णतारोधनाचे. केंद्राने डिसेंबर 2018 मध्ये ईको निवास संहिता काढली. तिच्यात छपरातून किती उष्णता झिरपू द्यायची याची मर्यादा आहे: आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकामागे, दर चौरस मीटरला 1.2 वॅट. आपला उघडा स्लॅब तीनाच्या पुढे असतो. मर्यादेत यायला काय लागते? स्लॅबवर इंचभर दाट थर्मोकोलसारखा थर, त्यावर कोबा. बस्स. आणि हा थर वरून हवा. खालून पीओपीचे छत लावून अनेकांना वाटते काम झाले. त्याने झळ कमी होते, पण स्लॅब तापायचा तेवढाच तापतो, आणि त्याचा थंडावा साठवण्याचा गुण तुमच्या खोलीपासून तुटतो. थर वर असेल तर दिवसा स्लॅब थंड राहतो आणि रात्री उघड्या खिडक्यांनी तो आणखी थंड करून घेता येतो. नवा स्लॅब टाकणार असाल तर लॉरी बेकरने केरळात रुळवलेला फिलर स्लॅब पाहा. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट ओझ्यापलीकडे फारसे काही करत नाही, तिथे मंगलोरी कौले भरायची. काँक्रीट वाचते, वजन उतरते, उष्णता थोडी अडते. आपल्याकडचे ठेकेदार नाक मुरडतात, कारण त्यांना त्याचा सराव नाही. नकाशासोबत सळ्यांची रचना नीट काढून दिली तर करतात.

भिंतींबद्दल थोडक्यात. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्च ते सप्टेंबर दुपारचे ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात निम्म्या खिडकीतून हवेहवेसे येते. ही भूमिती 20 अंशांवरच्या गावाला निसर्गाने फुकट दिली आहे. पश्चिमेला मात्र छज्जा कुचकामी. संध्याकाळी पाचचा सूर्य आडवा येतो. तिथे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली, झाड, जाळी, काहीही चालेल, झोपायची खोली नको. पश्चिमेकडच्या उघड्या काचेचा एक चौरस मीटर मेच्या संध्याकाळी पाचशे वॅटच्या हीटरएवढे काम करतो. जालना रोडवर काचेच्या इमारतींची रांग लागली आहे, आणि तिच्यावर टीका करणे सोपे आहे. न्यायाने बोलायचे तर तो रस्ता बव्हंशी पूर्व-पश्चिम धावतो, त्यामुळे त्या काचा उत्तर-दक्षिणेला तोंड करून आहेत. खरे हाल आडव्या रस्त्यांवर, जिथे तीच काच पश्चिमेला लावली आहे आणि मग आतून पडदे ओढून, दिवे लावून लोक काम करतात.

पश्चिमेला तोंड करावेच लागले तर कसे करावे हे पाहायला दूर जायला नको. वेरुळची लेणी पश्चिमाभिमुख कड्यात कोरलेली आहेत. बारा नंबरचे तीन ताल पाहा. तीन मजले, प्रत्येकाला जाड खांबांची खोल ओसरी. मावळतीचे ऊन ओसरीत शिरते आणि बहुतांशी तिथेच दमते. आत वर्षभराच्या सरासरीजवळचा गारवा. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आहेत, हे राजदेव सिंह आणि आपल्या विद्यापीठातले एम. एम. सरदेसाई यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केले. पुरातत्त्वाच्या बातमीत ते ‘भांग’ म्हणून गाजले. मला त्यातले बांधकाम जास्त मोलाचे वाटते: तंतूमुळे गिलावा तडकत नाही, दमट हवा सोसतो, किडीला दाद देत नाही.

आता पाणी. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याइतका स्वस्त थंडावा दुसरा नाही. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जी उष्णता ओढून घेते ती युनिटच्या दोन तृतीयांश भरते. म्हणजे तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी वाळवणारा कूलर एक टनाच्या एसीची बरोबरी करतो, आणि वीज त्याच्यापेक्षा कितीतरी कमी खातो. एप्रिल-मेमध्ये आपल्या शहरात एसीची फारशी गरज पडू नये. पण कूलरला रोज पाणी हवे, आणि या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ज्याच्या टाकीत पाणी नाही त्याला कूलर परवडूनही चालवता येत नाही. मग तो हप्त्यावर एसी घेतो. शहराच्या पाणीपुरवठ्याची दैना अशी विजेच्या मीटरवर येऊन चढते. इमारतीच्या आराखड्याने हे सुटणार नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

विशेष हे, की हे शहर वसले तेच पाण्याच्या बुद्धीवर. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरपायथ्याच्या भूजलातून गावात नहर आणली. जमिनीखालून, उताराने, पंपाशिवाय. पुढे आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची त्यांतलीच एक. पाणचक्कीला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, चक्की दाखवतो, वडाखाली फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी हौदाखाली उतरून पाहा. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या खांबांच्या दालनाचे छत आहे. वर वाहते पाणी, खाली माणसे. तिथल्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ते दालन होते. सूर्य डोक्यावर येणाऱ्या गावात छपरावर काय ठेवावे, याचे अठराव्या शतकातले उत्तर आपल्याच शहरात उभे आहे. आज तसे छप्पर कुणाला परवडणार नाही. जायकवाडीतून पन्नासेक किलोमीटर चढवून आणलेले पाणी गच्चीवर ओतायचे नाही. पण ज्याने ते बांधले त्याने पहिला विचार छपराचा केला होता.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला जादा चटईक्षेत्र मिळते. ईको निवास संहिता 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांसाठी आहे. म्हणजे जवळपास पाच गुंठे. मला सांगा, या शहरात पाच गुंठ्यांवर किती जण राहतात? आपले शहर गुंठेवारीचे आहे. अर्धा गुंठा, एक गुंठा, त्यावर चार भिंती आणि स्लॅब किंवा पत्रा. सगळा हरित कायदा त्यांच्या डोक्यावरून जातो. मोठ्या संकुलाला मानांकनाची पाटी आणि वर चटईक्षेत्र मिळते, आणि मुकुंदवाडीतल्या पत्र्याखालच्या घराला काहीच नाही. मानांकनाला माझा विरोध नाही. पण सरकारी सवलतीचा पहिला रुपया कुठे जावा याबद्दल माझ्या मनात संशय नाही.

म्हणून महापालिकेकडे माझी मागणी छोटी आहे. भूखंड कितीही लहान असो, बांधकाम परवाना देताना आणि गुंठेवारी नियमित करताना नकाशावर छपराचा छेद मागा: कोणते थर, किती जाड, वरचा रंग कोणता. घरकुलाच्या अनुदानात छपरावरचा एक इंची थर धरा. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या ज्या शाळांना पत्रा किंवा उघडा स्लॅब आहे त्यांची छपरे मार्चच्या आत पांढरी करा. शाळा सकाळची करून आपण मुलांना दुपारच्या वर्गातून सोडवतो, आणि त्याच दुपारी त्यांना तशाच छपराखाली घरी पाठवतो.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याचे काम. गच्ची झाडून घ्या, भेगा भरा, भिजवलेला चुना चाळून त्यात थोडा डिंक घालून दोन हात द्या. पाच-सातशे चौरस फुटांना दोन माणसांचा एक दिवस पुरतो. पाऊस लागला की त्यातला बराचसा धुऊन जाईल, तो पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागेल.